काना काढला की आंडेर

"जागा शे ना भाऊ, जागा शे," असं म्हणत ताई उजव्या हाताची दोन बोटं हवेत धरायची आणि हळूहळू जवळ आणायची. समोर बसलेलं गिऱ्हाईक उगाचच अंग आखडून घ्यायचं. मग ती संगणकाकडे वळायची, ओळीची कड माउसनं पकडायची आणि दाबत न्यायची. ऐसपैस मांडी घालून बसलेली नावं बघता बघता उठून उभी राहायची, आणि कडेला आणखी एका नावापुरती पट्टी मोकळी व्हायची.

मी साधा चौकटी करणारा माणूस. पाइप कापायचे, जोडायचे, त्यावर फ्लेक्स ताणून बसवायचा आणि शिडी लावून चौकात टांगायचा. फार धक्के बसावेत असा हा धंदा नव्हे. पण नंदुरबारच्या आमच्या गल्लीत माझ्या शेडसमोर नेमकं ताईचं फ्लेक्सचं दुकान आलं, आणि तेव्हापासून दर आठवड्याला एकदा तरी मी हातातलं काम सोडून आ वासून उभा राहिलेलो आहे. शेवटचा धक्का तर अजून पचलेला नाही.

तुम्ही कधी शहाद्याकडून किंवा अक्कलकुव्याकडून आमच्या गावाला आला असाल, तर ताईचं अक्षर तुम्ही पाहिलेलं आहे. जाड, उंच, अरुंद. एकमेकांना खेटून, अंग चोरून उभं. संगणकात त्याचं काहीतरी इंग्रजी नाव होतं, ते तिनं कधी उच्चारलं नाही. ती त्याला 'खांब' म्हणायची. दवाखान्याचा बोर्ड खांबात, शिकवणीचा खांबात, बियाण्यांच्या दुकानाचा, ऑर्केस्ट्राचा, ट्रॉलीच्या मागच्या फळीवरचा, 'भावी सरपंच' यांच्या वाढदिवसाचा, सगळं खांबात. गिऱ्हाईकही शिकलं होतं. "ताई, खांबमा लिखा," असं म्हणतच पायरी चढायचं.

त्यात सोय होती हे मीही मान्य करतो. रस्त्याकडेला बांधायची चौकट अरुंद, आणि आमच्याकडची नावं लांबलचक. नाव, बापाचं नाव, आडनाव, वर पद, कंसात टोपणनाव. साधं अक्षर घेतलं तर ते इतकं बारीक करावं लागतं की मोटारसायकलवरच्या माणसाला नुसत्या मुंग्या दिसतात. खांब उंचीला कमी होत नाही, जाडीही सोडत नाही, फक्त रुंदीला मुकाट्यानं आत सरकतो. मात्र त्यात चार ओळींच्या वर मजकूर लिहिला की बाजाराच्या दिवसासारखी गर्दी होते आणि कोणी कोणाला ओळखत नाही.

त्या अक्षराचे भोगही होते. अक्षरांची पोटं बुजायची. ख तर दाबला की फुटायचाच, र वेगळा आणि व वेगळा. खापरच्या एका किराणा दुकानदाराचा बोर्ड छापून आला तेव्हा मी तो खणखणीत आवाजात 'रवापर' असा वाचला. दुकानदार बिचारा म्हणाला, "रवा ठेवस मी, पन गावनं नाव काब्र बदलं?" तेव्हापासून ताई प्रत्येक ख ला खालून हातानं एक टाका घालायची. पोलक्याला हूक लावावा तितक्या मन लावून.

माझा तिच्याशी पहिला वाद झाला तो श्रद्धांजलीच्या बोर्डावरून. मी म्हटलं, ताई, लग्नाला हेच, बारशाला हेच आणि मयतालाही हेच? माणूस वारलाय, जरा बारीक, वळणदार अक्षर घ्या. तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"दुख काय बारीक ऱ्हास का भाऊ?"

मी शेडमध्ये परत आलो आणि पाइप कापत बसलो.

ताई स्वतः मात्र खांबासारखी नव्हती. बुटकी, रुंद, खुर्ची भरून बसणारी. शेतकरी घरातली सून, नवरा पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात. शाळेचे पेपर टाइप करता करता ती बोर्डांपर्यंत आली होती. बोलणं सगळं अहिराणीत. एकदा एका साहेबांनी शुद्ध मराठीत मजकूर सांगितला तर म्हणाली, "साहेब, लिखसू शुद्ध, पन बोलसू मन्हंच."

आता मुद्द्याचं सांगतो. बोर्डाच्या तळाशी नावांची रांग असते, तुम्ही पाहिलीच असेल. वाढदिवस असेल तर शुभेच्छुक, मयत असेल तर शोकाकुल. मुलगे, पुतणे, नातू, मित्रमंडळ. बाईचं नाव दिवा घेऊन शोधलं तरी सापडत नाही. ताई यादी वाचायची, मान वर करायची आणि विचारायची, "आंडेरस्ना नावे?" आमच्या अहिराणीत मुलगा म्हणजे आंडोर आणि मुलगी म्हणजे आंडेर. गिऱ्हाईक हमखास म्हणायचं, "आते जागा कोठे शे ताई?" की ताईची दोन बोटं हवेत गेलीच.

एक बडे शेतकरी एकदा यावरून भडकले. माझ्या शेडपर्यंत आवाज आला. "आंडेर परका घरनी. तिनं नाव आठे कसाले?"

ताई शांतपणे म्हणाली, "काका, आंडोरमजारला काना काढी टाका, आंडेर व्हस. इतलाच फरक शे. आनि जागाबी वाचस."

मी हातातलं काम थांबवलं. आता हा माणूस संगणक फोडणार अशी माझी खात्री होती. ते काका बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मनात काना काढून बघत असावेत. मग एकदम हसले आणि म्हणाले, "टाक बाई, टाक." मी थक्क झालो. घरच्या सुना-लेकींना जे जन्मात जमलं नसतं ते तिनं एका कान्यावर जमवलं होतं.

पण सगळेच हसणारे नसतात. रनाळ्याचे आप्पा आमचे जुने गिऱ्हाईक. मोठी शेती, दोन मुलं, आणि एक मुलगी, जिचं नाव घरात घ्यायला बंदी. सुरेखानं आपल्या पसंतीनं जातीबाहेर लग्न केलं आणि खापरला संसार थाटला. ते कळलं त्या दिवशी आप्पांनी तिच्या नावानं आंघोळ केली. मेलेल्या माणसाच्या नावानं करतात तशी, धडधडीत जिवंत लेकीच्या नावानं. ही गोष्ट साऱ्या पंचक्रोशीला माहीत होती, ताईलाही.

मागच्या दिवाळीनंतर एका पहाटे आप्पांच्या थोरल्या मुलाचा आवाजी निरोप ताईच्या मोबाइलवर आला. मागे गाडीची घरघर. "ताई, आप्पा गयात. चौफुलीवर बोर्ड लाई टाका. फोटो धाडेल शे. नावे नेहमीनाच." पुढे काही नाही. ताईनं उलट फोन लावला तर लागेना. आप्पा नुकतेच छातीत दुखून दवाखान्यात राहून आलेले होते. संशयाला जागाच नव्हती. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि पडद्यावर आप्पांच्या फोटोला हार घातला.

मी चौकटीवर फ्लेक्स ताणत होतो तेव्हा माझी नजर तळाच्या ओळीवर गेली आणि हातातली पक्कड गळून पडली. दोन्ही भावांच्या शेजारी, त्याच उंचीत, त्याच जाडीत, 'सौ. सुरेखा' लिहिलेलं.

"ताई, हाई काय करं तुमी?"

"बाप मरी गया भाऊ," ती म्हणाली. "आते कसानं भांडन?"

मला पटलं. मेल्यावर वैर संपतं असं आपण म्हणतोच. मी बोर्ड नेला आणि रनाळ्याच्या चौफुलीवर टांगून आलो.

पुढे जे घडलं ते आठवलं की आजही मला घाम फुटतो. गावानं पहाटे आप्पांना जीपमधून नेताना पाहिलं होतं, आता बोर्ड पाहिला. दोन्हींचा मेळ घालून बाया रडत आप्पांच्या घरी गेल्या, तर त्यांची बायको अंगणात ज्वारी पाखडत बसलेली. तिनं शेजारणीला सांगून थोरल्याच्या मोबाइलवर फोन लावला, तो लागेना, तेव्हा वाटेत काही बरंवाईट झालं असं समजून तीही ऊर बडवायला लागली. बोर्डाचा फोटो मोबाइलवरून खापरपर्यंत पोचला. आणि दुपार होत आली तेव्हा कुठे ताईच्या मोबाइलवर मुलाचा पहाटेचा राहिलेला अर्धा निरोप येऊन पडला. "परिकम्माले गयात. शुभेच्छा लिखा, मोठ्ठं."

नर्मदेची परिक्रमा! निघताना दारात गर्दी नको म्हणून आप्पा अंधारातच ओंकारेश्वरला निघाले होते, आणि जीप डोंगरातल्या रस्त्याला लागल्यामुळे फोन बंद. 'गयात' म्हणजे निघाले. आम्ही त्यांना पार पोचवूनच टाकलं होतं.

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं ही आता शटर ओढून घरी जाईल. ती माझ्या टेम्पोत चढून बसली. "चूक मन्ही शे. मी येस."

चौफुलीवर बोर्डाखाली मातीत एक बाई बसलेली. केस सुटलेले, पायात एकच चप्पल. सुरेखा. खापरहून मिळेल त्या जीपनं आली होती आणि घरापर्यंत जायची छाती होत नव्हती. मी तिला सांगितलं, "बहीन, आप्पा जित्ता शेत." तिला ते कळायलाच वेळ लागला. मग ती हसली, आणि हसता हसता तोंडात पदर कोंबून रडायला लागली. ताई तिच्याशेजारी मातीत बसली.

"घर जाय मायजवळ," ताई म्हणाली.

"नही. आप्पाले दखीसन जासू. लांबथीनच."

मी शिडीवर चढतोय तेवढ्यात जीप आलीच. वाटेत फोन सुरू झाला होता आणि आप्पांना त्यांच्या मरणाची बातमी मिळाली होती. परिक्रमेचा संकल्प अजून झाला नव्हता, म्हणून परत फिरता आलं. थोरला मुलगा गाडीतून उतरला तोच ताईवर धावला. "जित्ता मानूस मारी टाका तुमी! काही वाटस का?" त्यानं हात उगारला. आप्पांनी मागून त्याचं मनगट धरलं आणि बाजूला सारलं.

मग आप्पांनी स्वतःचा बोर्ड वाचला. वरून खाली, ओठ हलवत. फोटो, हार, भावपूर्ण श्रद्धांजली, मुलांची नावं. शेवटच्या नावावर ते थांबले. सुरेखा चार पावलांवर उभी होती, त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"हाई कोनी लिखं?"

"मी लिखं आप्पा," ताई म्हणाली.

"मी मरनू ते चुकीसन लिखं. हाई नावबी चुकीसनच का?"

एक 'हो' म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. सगळेच हसून घरी गेले असते. मी शिडीवरून ताईला खुणावतही होतो.

"नही आप्पा," ती म्हणाली. "ते चुकीसन. हाई जानीसन लिखं."

मला वाटलं, आता म्हातारा विरघळणार. खरंच वाटलं. आप्पांनी धोतराचा सोगा सावरला, लेकीच्या अंगावरून पलीकडे शेताकडे पाहत म्हणाले,

"मी जित्ता शे. आते जाय."

आणि जीपमध्ये जाऊन बसले.

माझ्या आयुष्यात मी इतका हादरलो नव्हतो. बाप जिवंत आहे म्हणून लेकीनं परत जायचं! मेला असता तर थांबता आलं असतं! मला आप्पांचा इतका राग आला की शिडीवरची माझी पकड सुटता सुटता राहिली.

मी बोर्ड उतरवला तेव्हा सुरेखा जवळ आली. "भाऊ, मन्हं नाव शे तेवढं कापी दे." मी ब्लेड काढलं आणि तिचं नाव कापू लागलो, तर म्हणाली, "आस्सं नही. भाऊस्नासंगे." मी पूर्ण ओळ कापून दिली. तिनं ती गुंडाळली, काखेत धरली आणि जीपच्या थांब्याकडे चालायला लागली.

रनाळ्याची कामं त्या दिवसापासून दुसऱ्या दुकानाला गेली. आप्पांच्या परिक्रमेचा शुभेच्छांचा बोर्डही तिथूनच आला, गुलाबी वळणदार अक्षरात, फक्त आंडोरांच्या नावांनी. मी ताईला म्हटलं, एकदा 'हो, चुकून' म्हटलं असतंत तर काय बिघडलं असतं? ती म्हणाली, "मंग ती पोर परत मरी जाती ना भाऊ." आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "आंडेरस्ना नावे?" कोणी कितीही ओरडो, हे विचारणं तिनं सोडलं नाही. पण कधी कधी मशीन चालू असताना ती दारात येऊन उभी राहायची आणि म्हणायची, "मरनावर नाव लिखाले जागा शे, जिवतपनी काब्र नही रे भाऊ?" तेव्हा मात्र तिची बोटं पदराशी चाळा करत असायची.

उन्हाळ्यात आप्पा परिक्रमा करून परतले. दाढी वाढलेली, अंग वाळलेलं. परिक्रमेत वाटेवरची प्रत्येक बाई, प्रत्येक पोर 'मैया' असते. तिच्यापुढे हात पसरायचा, ती देईल ते खायचं, तिच्या पाया पडायचं. इतके महिने लोकांच्या लेकींच्या हातचं खाऊन आलेला माणूस एका दुपारी ताईच्या दुकानासमोर येऊन उभा राहिला. ताईनं पाणी दिलं. त्यांनी उभ्यानंच तांब्या रिकामा केला, पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एक शब्द न बोलता निघून गेले.

"काहीतरी सांगाले येल व्हतात," ताई म्हणाली. "येतीन परत."

त्यानंतर थोड्याच दिवसांची गोष्ट. मी शेडमध्ये चौकट जोडत होतो. समोर ताईचं मशीन चालू होतं, कोणाच्या तरी वाढदिवसाचा बोर्ड छापला जात होता. पाहतो तर फ्लेक्स मशीनमधून बाहेर येतोय, खाली घरंगळतोय, त्याचा ढीग पायरीपर्यंत आलाय. मी इथूनच ओरडलो, "ओ ताई, मशीन दखा! झोप लागनी का?" उत्तर नाही. मी चिडूनच रस्ता ओलांडला. ताई खुर्चीत बसलेली होती, मान छातीवर, हात माउसवर. मी तिला हलवलं. मशीन छापतच होतं. ते कुठून बंद करायचं हेसुद्धा मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं समोर बसून मला ते माहीत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय. एका क्षणात.

तिचा बोर्ड दुसऱ्या दुकानात करून घ्यावा लागला. तिथला माणूस म्हणाला, बाईमाणूस आहे, नाजूक अक्षर घेऊ. मी त्याच्यावर इतक्या जोरात खेकसलो की ताईच्या नवऱ्यानं माझा खांदा धरला. जाड घ्या म्हटलं, उभं घ्या. नवरा, मुलगा, सून, मुलगी, नणंदा, बहिणी, सगळ्यांची नावं मी उभं राहून लिहून घेतली.

छापायला द्यायच्या आधी आप्पा माझ्या शेडमध्ये आले. बाकावर बसले. उन्हातून आले होते तरी पाणी नको म्हणाले.

"तिना बोर्डवर मन्हं नाव टाक," ते म्हणाले. मग खांद्यावरचा गमछा काढून हातात घेतला. "आनि शेजारे सुरेखा लिख."

त्यांच्या तोंडून हे नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. कसाबसा म्हणालो, "आप्पा, तिले विचारं का?"

"खापरले जाई उनू."

"काय म्हननी ती?"

"पह्यले दार लाई लिनं." त्यांनी गमछ्यानं तोंड पुसलं. "मी बठनू वट्टावर. मंग उघडं."

मला त्यांचा राग अजून आहे. ताई त्यांची वाट पाहत होती आणि यांना यायला एवढा उशीर झाला, हे मी त्यांना माफ केलेलं नाही. पण नाव मी लिहिलं.

बोर्ड टांगायला आप्पा माझ्याबरोबर आले. मी नको म्हणत असताना त्यांनी शिडीचे दोन्ही पाय धरले आणि मी वर चढलो. चौकट उचलून लावली. ताईचा फोटो माझ्या गालाला टेकत होता. मी तिकडे न पाहता दोरी ओवत होतो.

"भाऊ," खालून आवाज आला, "मन्ही आंडेरनं नाव रस्तावरथून दिखी का?"

"दिखी आप्पा," मी म्हटलं. मला स्वतःला काहीच दिसत नव्हतं. दोरीचं टोक चाचपडत मी पुढे झुकलो, आणि माझ्याबरोबर शिडीही हलायला लागली.

"सावकाश," आप्पा म्हणाले. "मी धरेल शे."